घरच्या सर्व्हरवर मराठी, बाहेर प्रश्नचिन्हे

नवी मुंबई – प्रतिनिधी

ठाणे-बेलापूर रस्त्याचा पट्टा एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जात असे. आज त्याच रस्त्यावर माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि डेटा सेंटरच्या जवळजवळ बिनखिडक्यांच्या भिंती दिसतात. ऐरोली आणि महापे ही नावे देशभरातील संगणक व्यवसायात परिचयाची झाली आहेत. पनवेलजवळ जुलै २०२० मध्ये एक अवाढव्य डेटा सेंटर सुरू झाले. संकेतस्थळे राहतात ती अशा इमारतींत. त्यांचा जन्म मात्र बहुधा वाशी, नेरुळ किंवा कामोठ्यातील एखाद्या सदनिकेत, टेबलावरच्या साध्या संगणकावर होतो. या संगणकावर वेब डेव्हलपर जो 'लोकल सर्व्हर' उभारतो, त्याविषयी सामान्य वाचकाला फारशी माहिती नसते. माहिती नसली तरी त्याचे परिणाम वाचकाला भोगावे लागतात. मराठी संकेतस्थळ उघडावे आणि अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी दिसाव्यात, हा अनुभव बहुतेकांनी कधी ना कधी घेतलेला आहे. त्या प्रश्नचिन्हांचे मूळ अनेकदा याच टेबलावर सापडते.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हटले की थंडगार खोलीतील कपाटाएवढे यंत्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात सर्व्हर ही मुळात एक आज्ञावली आहे. कोणी पान मागितले की ते शोधून किंवा तयार करून देणे, एवढेच तिचे काम. ही आज्ञावली महापेच्या यंत्रावर चालते, तशीच ती घरच्या संगणकावरही चालते. फरक इतकाच, की घरच्या सर्व्हरला गिऱ्हाईक एकच असते, ते म्हणजे स्वतः डेव्हलपर. ब्राऊझरमध्ये 'लोकलहोस्ट' हा शब्द किंवा १२७.०.०.१ हा आकडा टाकला, की संगणक बाहेर इंटरनेटवर न जाता स्वतःच्याच दारावर थाप मारतो.

साध्या एचटीएमएल पानाला याची गरज नसते. ती फाईल थेट उघडता येते. परंतु पुस्तकांचा शोध, सभासदांची नोंद, बातम्यांचा साठा असे काही असेल, तर पान आधी तयार करावे लागते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : पान पुरविणारा सर्व्हर, पान रचणारी भाषा आणि माहितीचा साठा सांभाळणारी प्रणाली. अपाची, पीएचपी आणि मायएसक्यूएल हे त्रिकूट या कामासाठी जगभर रूढ झाले. तिघेही १९९५ च्या सुमारास लोकांसमोर आले आणि मुख्य म्हणजे तिघेही विनामूल्य मिळत. छोट्या कार्यालयात किंवा घरी बसून काम करणाऱ्या डेव्हलपरच्या दृष्टीने ही बाब निर्णायक होती.

विनामूल्य असले तरी सोपे मात्र नव्हते. तिन्ही आज्ञावल्या वेगवेगळ्या उतरवून घ्यायच्या, त्यांच्या मांडणीच्या फाईलींत हाताने ओळी लिहायच्या आणि एकमेकींशी त्यांची ओळख करून द्यायची. एक स्वल्पविराम चुकला तरी सर्व्हर सुरूच होत नसे. २००२ मध्ये 'अपाची फ्रेंड्स' या गटाने हे सारे एकाच गाठोड्यात बांधून दिले. त्याचे नाव झॅम्प. ते चालविले, 'नेक्स्ट'ची बटणे दाबली आणि नियंत्रण फलकावर 'स्टार्ट' म्हटले की सर्व्हर तयार. वॅम्पसर्व्हर हे त्याच जातीचे दुसरे गाठोडे. महाविद्यालयातील प्रकल्पापासून गृहनिर्माण सोसायटीच्या संकेतस्थळापर्यंत कितीतरी कामांची पहिली आवृत्ती अशा गाठोड्यांवर तयार झाली.

दार आधीच कोणीतरी अडवलेले

नव्या डेव्हलपरचा पहिला अनुभव बहुधा निराशेचा असतो. 'स्टार्ट' दाबावे, अपाचीच्या नावापुढे क्षणभर हिरवा रंग यावा आणि लगेच तांबड्या अक्षरांत चूक दिसावी. कारण असते ते 'पोर्ट'चे. संगणकाला पोर्ट नावाची हजारो क्रमांकित दारे असतात आणि संकेतस्थळांसाठी ८० क्रमांकाचे दार राखून ठेवलेले आहे. एका दारात एका वेळी एकच आज्ञावली उभी राहू शकते.

कित्येक वर्षे हे दार अडविणाऱ्याचे नाव होते स्काईप. परदेशातील नातेवाईकांशी बोलण्यासाठी घरोघरी असलेली ही आज्ञावली पर्यायी मार्ग म्हणून ८० आणि ४४३ ही दारे वापरत असे. अमेरिकेतील मामाशी बोलण्यासाठी स्काईप सुरू ठेवला, की भाच्याचा अपाची रुसून बसे. उपाय दोन होते : स्काईपच्या मांडणीत जाऊन ती खूण काढायची, नाहीतर अपाचीला ८०८० क्रमांकाच्या दारात उभे करायचे. मे २०२५ मध्ये स्काईप बंद झाला, परंतु तक्रार संपलेली नाही. विंडोजमधील स्वतःची वेब सेवा किंवा आधी बसविलेला दुसरा एखादा सर्व्हर तेच दार अडवून बसतो. त्यामुळे पोर्ट कोणी धरले आहे हे तपासणे, हीच आजही पहिली पायरी आहे.

नावाचाही एक घोटाळा झाला होता. एकाच संगणकावर चार-पाच संकेतस्थळांची कामे चालू असली, की डेव्हलपर प्रत्येकाला खोटे नाव देतात आणि पुष्कळांनी त्यासाठी '.डेव्ह' हा शेवट निवडला होता. पुढे हा शेवट गुगलने खरोखरच आपल्याकडे घेतला आणि डिसेंबर २०१७ मधील क्रोम ब्राऊझरच्या ६३ व्या आवृत्तीपासून अशा प्रत्येक पत्त्यावर सुरक्षित जोडणी सक्तीची झाली. आदल्या दिवशी चालणारी लोकल संकेतस्थळे दुसऱ्या दिवशी उघडेनात. खरे तर '.टेस्ट' हा शेवट १९९९ पासूनच अशा प्रयोगांसाठी राखीव आहे. त्याच्याकडे कोणी पाहिले नव्हते, इतकेच.

नवी आवृत्ती, जुने काम

नवे सॉफ्टवेअर बसवावे की नाही, हा प्रश्न डेव्हलपरला वाटतो तितका ऐच्छिक नसतो. जुन्या आवृत्तीतील सुरक्षेच्या त्रुटी बुजवणे कालांतराने बंद होते. नवी आवृत्ती घ्यावी, तर जुने काम मोडते. याचा सर्वांत मोठा फटका पीएचपीच्या ७.० या आवृत्तीने दिला. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या या आवृत्तीतून मायएसक्यूएलशी बोलण्याची जुनी पद्धत समूळ काढून टाकण्यात आली. तसा इशारा २०१३ मध्येच दिलेला होता, पण चालत्या संकेतस्थळाला हात कोण लावणार? उत्साहाने नवे झॅम्प बसविणाऱ्यांची जुनी संकेतस्थळे एका ओळीच्या चुकीवर येऊन थांबली.

त्याच सुमारास, ऑक्टोबर २०१५ मध्ये, झॅम्पमधून मायएसक्यूएल गेले आणि त्या जागी मारियाडीबी आले. नाव बदलले तरी घराणे तेच. मायएसक्यूएलचे एक जनक मायकेल विडेनियस यांनी पहिल्या प्रणालीला थोरल्या मुलीचे, 'माय' हे नाव दिले होते. मायएसक्यूएल सन कंपनीकडून ओरॅकलच्या ताब्यात जाऊ लागल्यावर त्यांनी २००९ मध्ये वेगळी शाखा काढली आणि तिला धाकट्या मुलीचे, मारियाचे, नाव दिले.

या स्थित्यंतरात पुष्कळांच्या हातून साठाच गेला, कारण जुना 'डेटा' फोल्डर उचलून नव्या जागी ठेवण्याची सवय. मायएसक्यूएलच्या जुन्या 'मायआयसॅम' प्रकारच्या तक्त्यांना हे चालत असे. डिसेंबर २०१० मधील ५.५ आवृत्तीपासून 'इनोडीबी' हा प्रकार नेहमीचा झाला. त्यात प्रत्येक तक्त्याची नोंद एका सामाईक फाईलमध्येही असते. ती मागे राहिली तर तक्त्याचे नाव दिसते, आतली माहिती उघडत नाही. साठा हलवायचा तो रीतसर 'एक्स्पोर्ट' करूनच.

'अहो, आमची पुस्तके कुठे गेली?'

आतापर्यंतच्या अडचणी जगातल्या कोणत्याही डेव्हलपरच्या वाट्याला येतात. मराठीत काम करणाऱ्याला मात्र आणखी एक प्रकरण सोसावे लागते. समजा, नेरुळमधील एका वाचनालयाने आपल्या नऊ हजार मराठी पुस्तकांची यादी संकेतस्थळावर चढविण्याचे काम सानपाड्यातील एका डेव्हलपरला दिले. त्याने झॅम्पवर सर्व बांधले. घरच्या संगणकावर शीर्षके, लेखक, सारे झकास दिसले. साठा एक्स्पोर्ट करून त्याने खऱ्या सर्व्हरवर चढविला आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला, 'अहो, आमची पुस्तके कुठे गेली?'

काय झाले असेल? संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर, हे ठरविणारे अनेक तक्ते आहेत. युनिकोड या जागतिक तक्त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा एक विभाग आहे. युनिकोड लिहिण्याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तीत इंग्रजी अक्षराला एक बाईट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र चिन्हेच. त्यामुळे आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी पाच चिन्हांचा आणि पंधरा बाईटचा असतो.

मायएसक्यूएल ही मूळची स्वीडनमधील कंपनी. काही वेगळे सांगितले नाही, तर ती प्रणाली मजकूर 'लॅटिन-१' या पश्चिम युरोपीय तक्त्यात साठवीत असे आणि वर्णक्रम स्वीडिश लावीत असे. नव्या तक्त्यातील 'लॅटिन-१ स्वीडिश' ही नोंद पाहून अनेक मराठी डेव्हलपर बुचकळ्यात पडले असतील. एप्रिल २०१८ मधील ८.० आवृत्तीत हा रिवाज बदलला. पण तोवर बरीच वर्षे गेली होती आणि त्या काळातील साठे आजही चालू आहेत.

यातून दोन प्रकारचे अपघात होतात आणि त्यांतील भेद फार महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात डेव्हलपरचा कार्यक्रम आणि साठा दोघेही मजकूर लॅटिन आहे असेच समजून चालतात. मराठीचे बाईट जसेच्या तसे आत जातात, जसेच्या तसे बाहेर येतात आणि ब्राऊझर ते मराठीत दाखवितो. घरी सगळे बिनचूक वाटते ते यामुळे. एक्स्पोर्ट करताना मात्र प्रणाली प्रत्येक बाईटला एक स्वतंत्र युरोपीय अक्षर समजून त्याचे पुन्हा यूटीएफ-८ करते. खऱ्या सर्व्हरवर मग डोक्यावर टिंबे-टोप्या असलेल्या युरोपीय अक्षरांची गिचमिड उमटते. हे दृश्य भीतिदायक असले तरी रुग्ण जिवंत असतो. तीच प्रक्रिया उलट्या क्रमाने केली की मराठी परत मिळते.

दुसऱ्या प्रकारात कार्यक्रम सांगतो 'हे यूटीएफ-८ आहे', आणि तक्ता मात्र लॅटिनच असतो. प्रणाली प्रामाणिकपणे रूपांतर करू पाहते. 'म'साठी लॅटिन तक्त्यात जागाच नाही, म्हणून ती तेथे प्रश्नचिन्ह ठेवते. 'मराठी'ची पाच चिन्हे म्हणजे पाच प्रश्नचिन्हे. येथे मूळ आकडा नाहीसा झालेला असतो आणि कोणतीही युक्ती तो परत आणू शकत नाही. पूर्वी हे सारे निमूटपणे घडत असे. मायएसक्यूएल ५.७ (२०१५) आणि मारियाडीबी १०.२ (२०१७) पासून प्रणाली कडक झाली असून असा मजकूर ती चूक दाखवून नाकारते. ही चूक दिसली की कडकपणाच बंद करून टाकण्याचा सल्ला काही मंडळी देतात. तो ऐकणे म्हणजे धुराची सूचना देणारी घंटा वाजते म्हणून तिची तार कापणे होय.

तेव्हा गिचमिड दिसली तर घाबरू नये. प्रश्नचिन्हे दिसली तर कोणत्याही गोष्टीला हात न लावता आधी मूळ साठा कोठे आहे तो शोधावा. घरच्या संगणकावरील प्रत पुसलेली नसेल, तर वाचनालयाची पुस्तके वाचतात. येथे लोकल सर्व्हरच तारणहार ठरतो.

तोकड्या जागेचाही प्रश्न असतो. २५५ ची मर्यादा असलेल्या लॅटिन रकान्यात मराठीची फक्त ८५ चिन्हे मावतात आणि लांबलचक शीर्षक मधेच तुटते. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८' या नावाखाली जे मिळत असे, तेही अपुरे होते. चिन्हामागे जास्तीत जास्त तीन बाईट. देवनागरीला ते पुरते. पण वाचकाने अभिप्रायात हसरा चेहरा टाकला, की तेथून पुढचा मजकूर गडप होई, कारण इमोजीला चार बाईट लागतात. २०१० मध्ये आलेल्या 'यूटीएफ-८ एमबी-४' या प्रकाराने ही उणीव भरून काढली. मराठीच्या दृष्टीने यात केवळ हसऱ्या चेहऱ्यांचा प्रश्न नाही. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झालेल्या मोडी लिपीच्या प्रत्येक चिन्हालाही चारच बाईट लागतात. मोडी कागदपत्रांचे संकेतस्थळ जुन्या प्रकारात बांधणे अशक्य आहे.

खारघर आणि 'मंगल'

ही लढाई नवी मुंबईला परकी नाही. पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या 'एनसीएसटी' या संशोधन संस्थेचे एक केंद्र खारघरला आहे. लिनक्सवर भारतीय लिप्या आणण्याचे 'इंडिक्स' नावाचे काम या संस्थेने केले. सुलेखनकार आणि कवी प्रा. र. कृ. जोशी आयआयटीतील अध्यापनानंतर याच संस्थेशी निगडित होते. विंडोजमध्ये ज्या अक्षरवळणातून मराठी प्रथम पडद्यावर दिसली, तो 'मंगल' फॉन्ट त्यांचा. आणि कोणालाही मुक्तपणे वापरता यावा म्हणून दिलेला 'रघु' फॉन्टही त्यांचाच. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी मराठी दैनिके आणि छापखाने आपापले फॉन्ट वापरीत. त्यात पडद्यावर 'क' दिसे, पण आत रोमन अक्षर असे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराचा अर्थच उरत नसे. विंडोज एक्सपीवरसुद्धा भाषेच्या मांडणीत जाऊन एक खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. तेव्हा कुठे जोडाक्षरे जुळत.

अक्षर दिसले म्हणजे काम झाले, असेही नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. पहिले शिकवितात, दुसरे स्वयंपाक करतात. या अर्ध्या 'र'साठी युनिकोडमध्ये दोन मार्ग प्रचलित आहेत : नुक्त्याचा 'ऱ' वापरून, किंवा साध्या 'र'नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. वाचनालयात एका मार्गाने टंकलेले शीर्षक वाचकाने दुसऱ्या मार्गाने टंकून शोधले, तर साधी तुलना करणारा शोध 'पुस्तक उपलब्ध नाही' असे सांगून मोकळा होतो. परदेशात तयार झालेले सॉफ्टवेअर हे आपणहून सांभाळेल, अशी अपेक्षा धरू नये. हे मराठी डेव्हलपरनेच पाहायचे काम आहे.

तालीम एका मंचावर, प्रयोग दुसऱ्या

लोकल सर्व्हर ही नाटकाची तालीम मानली, तर अडचण अशी, की तालमीचा मंच आणि प्रयोगाचा मंच बहुधा वेगळा असतो. घरी विंडोज, बाहेर लिनक्स. विंडोजला मोठी-लहान रोमन अक्षरे सारखीच वाटतात. लिनक्सला ती वेगळी. मोठ्या आद्याक्षराने साठविलेले छायाचित्र घरी दिसते, बाहेर दिसत नाही. घड्याळही वेगळे असते. सर्व्हरला काही सांगितले नाही तर तो जागतिक वेळ धरून चालतो आणि मग पहाटे साडेपाचपर्यंत टाकलेल्या प्रत्येक सूचनेवर आदल्या दिवसाची तारीख पडते.

विंडोजच्या जुन्या नोटपॅडची एक खोड तर कुप्रसिद्ध आहे. मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये साठविताना नोटपॅड फाईलच्या आरंभी तीन अदृश्य बाईट ठेवीत असे. पीएचपी त्यांना पानाचा मजकूर समजते आणि 'हेडर्स ऑलरेडी सेंट' अशी तक्रार करते. घरच्या मांडणीत बफरिंग सुरू असेल तर ती झाकली जाते. खऱ्या सर्व्हरवर उघडी पडते. डोळ्यांनी पाहून ही चूक सापडणे शक्यच नाही. २०१९ च्या विंडोज १० पासून नोटपॅडने ही सवय सोडली.

विजेचेही सांगायला हवे. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने भारनियमनात काढली. अचानक वीज गेली की मायआयसॅमचे तक्ते मोडत आणि दुरुस्त करावे लागत. इनोडीबी नोंदवहीवरून बहुधा स्वतः सावरते, पण झॅम्पच्या फलकावर 'मायएसक्यूएल शटडाऊन अनएक्स्पेक्टेडली' ही ओळ वाचण्याची वेळ आजही येते. यूपीएसचा खर्च वायफळ नाही.

दोन मंचांतील अंतर मिटविण्याचा उपाय म्हणून २०१३ मध्ये डॉकर आले. खऱ्या सर्व्हरवरील कार्यप्रणालीचे वातावरण, नेमक्या आवृत्त्यांसह, पेटीत बंद करून घरी चालविता येते. दोन माणसे एकाच प्रकल्पावर काम करीत असतील, तर डॉकर शिकण्याचा त्रास घ्यावा. एकट्याने छोटे संकेतस्थळ करणाऱ्यास झॅम्प पुरते. आवृत्त्या मात्र खऱ्या सर्व्हरशी जुळवून घ्याव्यात.

घरचा सर्व्हर घरातच

झॅम्प हे तालमीसाठीच आहे, असे त्याचे कर्तेच सांगतात. त्यातील साठ्याच्या मुख्य खात्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो. तरीही छोट्या कार्यालयांत तोच सर्व्हर थेट इंटरनेटला जोडण्याचा मोह होतो. जून २०२४ मध्ये तैवानमधील संशोधकांनी विंडोजवरील पीएचपीमधील एक गंभीर त्रुटी उघड केली, तेव्हा झॅम्पची नेहमीची मांडणी तिच्या तडाख्यात सापडली. चिनी आणि जपानी भाषांत चालणाऱ्या विंडोजवर ती त्रुटी सिद्ध झाली. तिचे मूळ पुन्हा अक्षरांच्या रूपांतरातच होते : विंडोज एका अदृश्य संयोगचिन्हाचे 'जवळचे' म्हणून साधे संयोगचिन्ह करून देत असे आणि तेवढ्यावर परक्याला आपली आज्ञा चालविता येत असे. पीएचपीच्या ८.१.२९, ८.२.२० आणि ८.३.८ या आवृत्त्यांत ती बुजविण्यात आली.

नव्या संकेतस्थळाची पहिली नोंद म्हणून एकच ओळ टाकून पाहावी : आचार्यांना, आचाऱ्यांना, ऑक्टोबर, ज्ञानकोश, वाङ्मय आणि शेवटी एक इमोजी. ही ओळ घरच्या सर्व्हरवर साठवावी, शोधून पाहावी, एक्स्पोर्ट करावी, खऱ्या सर्व्हरवर चढवावी आणि तेथून पुन्हा घरी आणावी. सर्व काही जसेच्या तसे परत आले, तरच नऊ हजार पुस्तकांना हात घालावा.